वेठबिगार आणि माळी

'आर. यू. आर.' या नाटकाच्या सुरुवातीला रोबॉटच्या कारखान्याचा संचालक डोमिन हा भेटीला आलेल्या हेलेनाला कारखान्याचा इतिहास सांगतो. म्हातारा रोसुम शास्त्रज्ञ होता, थोडा वेडसर. त्याला प्रयोगशाळेत हुबेहूब माणूस घडवायचा होता. धाकटा रोसुम इंजिनियर. त्याने मानवी शरीर उघडून पाहिलं आणि ठरवलं की हे काम फारच गुंतागुंतीचं आहे, चांगला इंजिनियर ते सोपं करेल. माणसाला आनंद होतो, त्याला वाद्य वाजवावंसं वाटतं, उगाच फिरायला जावंसं वाटतं. पण कापड विणायला किंवा बेरजा करायला यातलं काय लागतं? काहीच नाही. मग ते वजा करा. वजाबाकीनंतर जे उरलं, त्याला रोबॉट म्हणतात.

हे नाटक 1920 साली छापलं गेलं आणि 1921 मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आलं. लेखक कारेल चापेक. 'रोबॉट' हा शब्द मात्र त्याचा नाही, त्याच्या चित्रकार भावाचा, योसेफचा. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी फुकट राबणं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : वेठबिगार. इंग्रजीमार्गे येताना या शब्दातली वेठ गळून गेली आणि पत्र्याचं यंत्र तेवढं राहिलं. (नाटकातले रोबॉट पत्र्याचे नाहीतच. ते कणकेसारख्या मळलेल्या एका जिवंत द्रव्यापासून केलेले आहेत.)

याच चापेकने 1929 साली बागकामावर एक छोटं पुस्तक लिहिलं. चेक नावाचा सरळ अर्थ 'माळ्याचं वर्ष'. मी ते इंग्रजीतून वाचलं. योसेफची रेखाचित्रं त्यातही आहेत. बहुतेक वाचक या दोन पुस्तकांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात : इकडे जगाला इशारा देणारा गंभीर नाटककार, तिकडे सुटीच्या दिवशी बाही दुमडून गुलाबांत रमणारा गमत्या स्तंभलेखक. मला हा कप्पा मान्य नाही. 'माळ्याचं वर्ष' हे 'आर. यू. आर.'चंच उत्तर आहे असं मला वाटतं. धाकट्या रोसुमने माणसातून जे वजा केलं, तेवढंच घेऊन चापेकने इथे एक आख्खा माणूस उभा केला आणि त्याच्या हातात खुरपं दिलं.

पुस्तकाची रचना साधी. जानेवारी ते डिसेंबर अशी बारा प्रकरणं आणि मध्ये मध्ये बिया, कळ्या, माती, निवडुंगवाले लोक अशा विषयांवरचे लेख. चापेक 'लिदोवे नोविनी' या दैनिकात नोकरीला होता आणि वर्तमानपत्री लेखणीचा हलकेपणा पानोपानी आहे. विनोद बहुतेक शरीराचा. माळी उत्क्रांत झालेला प्राणी असता, तर त्याला किड्यासारखे पाय असते म्हणजे उकिडवं बसावं लागलं नसतं, आणि पंख असते म्हणजे वाफ्यावर तरंगत राहता आलं असतं. आहे त्या देहात पाठ ही निव्वळ अडचण. बाहेरच्याला माळी दिसतो तो पाठमोरा, वाकलेला, डोकं कुठेतरी रोपांत. पाण्याची नळी म्हणजे तर एक दुष्ट जनावर. ती वळवळते, उसळी घेते, धरणाऱ्याच्या अंगावर येते. ज्याने गच्चीत नळाला पाइप लावून एकट्याने पाणी घातलंय, त्याला यातली अतिशयोक्ती किती थोडी आहे हे कळेल.

पण विनोद हा या पुस्तकाचा वरचा थर. खाली एक दावा आहे आणि तो सहज पटण्यासारखा नाही. तो असा, की खरा माळी फुलं लावत नाही, तो माती लावतो. फुलं हा त्या उद्योगाचा वरून दिसणारा भाग. चापेक म्हणतो, हा माणूस स्वर्गातल्या बागेत गेला, तर ज्ञानवृक्षाच्या फळाकडे ढुंकूनही पाहणार नाही. तो खाली वाकून माती हुंगेल आणि त्यातली थोडी घरी कशी नेता येईल याचा विचार करेल. आदाम असा असता, तर बायबलची पुढची सगळी गोष्टच झाली नसती, हे चापेक लिहीत नाही; मी म्हणते आहे. शेणखत, राख, कुजलेली पानं, जुना चुना यांच्याबद्दल तो ज्या ओलाव्याने लिहितो, तसं गुलाबाबद्दल लिहीत नाही. माणूस माळी होतो कसा, याचं त्याचं निदानही मातीचंच : बोटाला कुठेतरी ओरखडा उठतो, त्यातून थोडी माती आत जाते आणि विषबाधा होते. आवड, छंद, संस्कार हे शब्द नाहीत. विषबाधा.

माझं पुस्तकातलं सगळ्यात आवडतं पान मात्र माळ्याच्या प्रार्थनेचं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, आणि ती प्रार्थना वाचताना मला ऑफिसातला गिऱ्हाइकाच्या मागण्यांचा कागद आठवला. पाऊस रोज पडावा, पण मध्यरात्री ते पहाटे तीन या वेळात. हळू आणि कोमट पडावा, म्हणजे नीट मुरेल. त्यातून अमुक, तमुक आणि लव्हेंडर यांच्यावर पडू नये कारण त्यांना कोरडं आवडतं. हवी तर यादी देतो. ऊन दिवसभर असावं, पण सगळीकडे नको आणि फार नको. दव भरपूर, वारा कमी, गांडुळं पुरेशी, मावा आणि गोगलगायी मुळीच नकोत. आणि आठवड्यातून एकदा आकाशातून पातळ खत पडावं. प्रत्येक वाक्याला 'पण' आणि प्रत्येक नियमाला अपवाद. असा कागद समोर आला, की आम्ही हसतो आणि मग त्यावर सहा महिने काम करतो. चापेकही हसतो, पण त्याच्या हसण्यात हेही असतं, की या मागण्या पुऱ्या झाल्या तर हा माणूस करेल काय? पाऊस वेळापत्रकाप्रमाणे पडला, तर रात्री अंथरुणातून उठून खिडकीशी जाऊन आकाश बघायचं कारण उरत नाही. ते आकाश बघणं वेठ नाही. कुणी सांगितलेलं नाही, कुणी मोजत नाही.

इथे आजच्या बागकामाच्या भाषेकडे वळावं लागतं, कारण हे पुस्तक आता वाचताना कानात तीच वाजत असते. माझ्या पिढीने बाग शोधली ती फ्लॅटच्या बाल्कनीत : ग्रो बॅग, कोकोपीट, रेलिंगला अडकवायच्या कुंड्या. त्यात वाईट काही नाही. चापेकला वाटत होतं, की बागेचं वेड लागायला बापाचं म्हणता येईल असं वय व्हावं लागतं; तरुणाला फूल म्हणजे कोटाला लावायची किंवा मुलीला द्यायची वस्तू. हा अंदाज चुकला. माझ्या ओळखीत अठ्ठाविसाव्या वर्षी मिलीबगवर रात्री अकराला चर्चा करणारे लोक आहेत. पण हे सगळं ज्या शब्दांत सांगितलं जातं, ते शब्द डोमिनचे आहेत. बागकाम करा, ताण कमी होतो. मातीत हात घाला, एकाग्रता वाढते. रोज वीस मिनिटं झाडांसोबत घालवा, सोमवारी ताजेतवाने व्हाल. मी एका ठिकाणी नोकरीला होते तिथे प्रत्येक टेबलावर एकेक रसदार पानांचं छोटं रोप ठेवलं गेलं. सोबतच्या पत्रकात कार्यक्षमतेचा उल्लेख पहिल्याच ओळीत होता.

धाकट्या रोसुमने आनंद वजा केला, कारण तो कामाला लागत नाही. आता आम्ही तो परत बेरजेत घेतला आहे, कारण तो कामाला लागतो असं लक्षात आलंय. हिशेब तोच, चिन्ह बदललं. बागेतली संध्याकाळ दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगसाठी केलेली दुरुस्ती असेल, तर ती कारखान्याच्या आवारातच घडते आहे. चापेकचा माळी या कसोटीवर साफ नापास होईल. बागेमुळे तो शांत होत नाही, उलट त्याची झोप उडते. तो थंडीला शिव्या देतो, तण उपटताना चिडतो, शेजाऱ्याची झाडं बघून जळतो. जानेवारीत करण्यासारखं काही नसतं, तर हवामानाचीच मशागत करत बसतो. ऑगस्टमध्ये तो कुटुंबासह सुटीवर जातो तेव्हा मित्राला सांगून जातो, की बागेत काहीच करायचं नाही, दोन-तीन दिवसांनी नुसती एक चक्कर मार. मग तिकडून पत्रं यायला लागतात : पाणी रोज घाल, पहाटे पाचला घातलेलं बरं, गवत काप, अमुक झाडाला खत दे, तण काढ, किडी वेच. तो मित्र घामाघूम होतो आणि सुटीवर गेलेला माणूस तिथे समुद्राकडे न बघता घरच्या बागेची काळजी करत बसतो. हा ताणमुक्तीचा कार्यक्रम नव्हे.

तरी हे सगळं आनंदाबद्दलच आहे, आणि चापेकची ताकद ही, की तो आनंद हा शब्द जवळजवळ वापरत नाही. माणूस कुठे वाकतो, कशासाठी जागतो, कशाने जळतो एवढंच दाखवतो.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेते. ही मांडणी फार सहज यंत्रद्वेषाकडे घसरू शकते : हाताने झारीने पाणी घालणारा तो माणूस आणि ठिबकला टायमर लावणारी ती रोसुमची औलाद. माझ्या गच्चीतल्या ठिबकला टायमर आहे. एप्रिलमध्ये चार दिवस गावी गेलं, तर तो नसताना मिरच्या मरतात. चापेकच्या ऑगस्टमधल्या मित्राला तो टायमर देवासारखा वाटला असता. मोजणं, सोपं करणं हा गुन्हा नाही. आपल्याकडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे : कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. ते गणिताचे शिक्षक, आणि त्यांचं 'विपुलाच सृष्टी' वाचताना ते सतत जाणवतं. ऊन किती पडतं, पान किती पसरतं, पानाने पकडलेल्या उन्हाचं काय होतं, घरातला आणि शेतातला काडीकचरा कुजून त्याची माती कशी होते, हे सगळं त्यांच्याकडे हिशेबाने येतं. पण त्या हिशेबातून काही गळत नाही, उलट त्याची गोडी लागते. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी स्वतःच प्रयोग करायचा, स्वतःच नोंदी ठेवायचा आणि दुसऱ्याला सांगायचा. मोजणारा आणि राबणारा एकच. धाकट्या रोसुमची चूक तो इंजिनियर होता ही नाही. तो विणत नव्हता आणि विणणाऱ्याला काय लागत नाही हे ठरवत होता, ही आहे.

'आर. यू. आर.'मध्येही याचा पुरावा आहे. कारखान्यातल्या सगळ्या साहेबांत अल्क्विस्ट हा बांधकामप्रमुख तेवढा, मन अस्वस्थ झालं की स्वतः विटा रचायला जातो. रोबॉट बंड करतात, माणसं मारतात, आणि एकट्या अल्क्विस्टला जिवंत ठेवतात, कारण तो हातांनी काम करतो. तोही इंजिनियरच्या जातीचा. नऊ वर्षांनी आलेला माळी मला त्याचाच चुलतभाऊ वाटतो. फक्त त्याचं नशीब चांगलं, म्हणून तो विनोदी पुस्तकात जन्मला.

पुस्तकाचं कौतुक इथवर. त्याच्या मर्यादा लहान नाहीत आणि मराठी वाचकाला त्या आधी दिसतील. पहिली ऋतूंची. त्याचं वर्ष गोठण्या-वितळण्याभोवती फिरतं, आपलं पाऊस येण्या-जाण्याभोवती. जानेवारीत त्याचा माळी हात चोळत बसतो तेव्हा आपल्याकडे शेवंती ओसरत आलेली असते, टोमॅटो लागलेले असतात, मेथी-कोथिंबिरीला सगळ्यात चांगले दिवस असतात. त्याला कोरड्या उन्हाळ्यात एकेका सरीची वाट बघावी लागते. आपल्याला मे महिना तसा, आणि मग जुलैत उलट प्रार्थना करावी लागते की आता पुरे, कुंड्यांत मुळं कुजताहेत. तेव्हा हे पुस्तक पंचांगासारखं हाताशी ठेवून चालत नाही. महिन्यांच्या क्रमाने निसर्ग पाहणारं आपलं पुस्तक म्हणजे दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', 1956 सालचं. ते चैत्रात सुरू होतं आणि आपल्या झाडांचं, आपल्या आभाळाचं आहे. पण ते बागेचं पुस्तक नाही. दुर्गाबाई बघतात. त्यांना काही उगवून आणायचं नाही, उगवलं नाही तर त्यांची झोप उडणार नाही. त्यांच्या गद्याला जे मोठं आभाळ मिळतं, ते यामुळेच. चापेककडे ते आभाळ नाही, त्याच्याकडे नखातली माती आहे. मला दोन्ही पुस्तकं लागतात, पण मराठीत दुसऱ्या जातीचं पुस्तक मला अजून हवं आहे.

दुसरी मर्यादा जास्त टोचते. चापेकचा माळी पुरुष आहे, घरमालक आहे, आणि त्याची बाग खाण्याच्या कामाची नाही. भाजी लावल्याचा उल्लेख येतो तो थट्टेने : एके काळी घरात कुणीच खात नसलेले मुळे एकट्याला संपवावे लागले वगैरे. उपयोग आला, की त्याला रस उरत नाही. प्रागच्या विनोहराडी भागात नवं घर बांधून भावाशेजारी राहणाऱ्या लेखकाचं हे बरोबरच असेल. पण मी ज्या बागेत लहानपणी वावरले, ते कोकणातलं परसदार होतं आणि तिथे उपयोग आणि आनंद यांची अशी फारकत नव्हती. न्हाणीचं पाणी जिथे वाहून जायचं तिथे अळू आणि केळ. विहिरीकडे जाताना कढीपत्ता. मांडवावर पडवळ, दोडका. दारात तुळस, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात गवती चहा. तिथलं रोजचं पाणी, भांड्यांची राख टाकणं, मांडवावरचा वेल वळवणं, बी राखून ठेवणं हे बायकांचं काम होतं, आणि ते कुणी छंद म्हणून मोजलं नाही. छंद म्हणायला फावला वेळ लागतो. माझी आजी 'बागेत वेळ घालवते' असं घरात कुणीच कधी म्हटलं नाही. म्हणायचे, 'मागे आहे.' मागे आहे म्हणजे काम करते आहे. पण भाजी तोडून झाल्यावरही ती लगेच आत यायची नाही. दोडक्याच्या वेलाखाली उभी राहून वर बघत असायची, आणि हाक मारली तर 'आले' म्हणून तिथेच थांबायची.

यात वेठ किती आणि बाग किती? चापेकच्या पुस्तकात हा प्रश्न येत नाही, कारण त्याच्या माळ्याला कुणी रांधायला बोलावत नाही. 'आर. यू. आर.' लिहिणाऱ्याला तो सुचायला हवा होता. ज्याची वेठ दिसायची त्याची त्याने पाहिली : कारखान्यातली, शेतावरची. घराच्या मागची त्याच्या नजरेतून सुटली. पुस्तकात बायको असते, पण कडेला. मला यात त्याचा दुष्टपणा दिसत नाही, काळाची मर्यादा दिसते. तरी तिच्यामुळे आनंदाबद्दलचा त्याचा दावा अपुरा राहतो. त्याला वाटतं, बाग निरुपयोगी असते म्हणून ती वेठीतून सुटते. परसदार सांगतं, की पोटाला लागणारं, चुकवता न येणारं कामही कुठेतरी मध्येच, दोडक्याखालच्या दोन मिनिटांत, सुटून जातं. हे जास्त अवघड आणि, मला वाटतं, जास्त खरं आहे.

शेवटी डिसेंबरचं प्रकरण, कारण पुस्तकाची चर्चा त्याशिवाय होत नाही. बर्फ पडलंय, सगळं झाकलंय, आणि माळ्याला अचानक आठवतं की वर्षभरात एक गोष्ट राहूनच गेली : बाग बघायची. वेळच झाला नाही. फूल उमललं तेव्हा तो दुसरीकडे तण काढत होता, दुसरं उमललं तेव्हा पाणी घालत होता. हे प्रकरण वाचून बहुतेक लोक हळहळतात आणि थांबा, श्वास घ्या, बघा असा बोध काढतात. मला तो बोध चुकीचा वाटतो, आणि चापेकच्याच पुस्तकाने तो खोटा ठरवलाय. वसंतातल्या कळ्यांवरचा लेख काढून वाचा. एकाच जागी स्थिर उभं राहिल्याशिवाय कळी फुटताना दिसत नाही, असं सांगून तो त्या फुटण्याचे जे तपशील देतो, ते न बघणाऱ्याला लिहिता येणार नाहीत. किंवा शरदातला तो युक्तिवाद : लोक म्हणतात निसर्ग झोपला, पण गळलेल्या पानाच्या जागी पुढच्या वर्षाचा डोळा आधीच धरलेला असतो, जमिनीखाली मुळं आणि कोंब कामाला लागलेले असतात, तेव्हा खरा वसंत नोव्हेंबरातच सुरू होतो. हे दिसायला फांदीला नाक लावावं लागतं. या माणसाने बाग बघितली नाही असं कसं म्हणायचं? त्याने बघितली, पण दोन पावलं मागे सरून, हात कमरेवर ठेवून नाही. वाकून, काम करता करता, एका वेळी वीतभर. पाहुण्यासारखं बघायचं राहून गेलं एवढंच. आणि पुढच्याच पानांवर बियाण्यांच्या, रोपांच्या किंमतयाद्या येऊन पडतात, आणि हळहळ विसरून तो यादी करायला बसतो.

त्याच सुमाराला तो लिहितो, की माळी भविष्यात जगतो. हे बर्चचे वृक्ष पन्नास वर्षांनी कसे दिसतील ते बघायला आवडेल. हे 1929 साली. चापेक 25 डिसेंबर 1938 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. गेस्टापो त्याला पकडायला घरी आलं, तेव्हा तो हयात नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. योसेफ सापडला, 1945 च्या एप्रिलमध्ये बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत तो संपला. पुस्तकातली वाकलेल्या माळ्याची चित्रं त्याची आहेत, हे मी वर सांगितलंच.

पुस्तक दीडेक तासात वाचून होतं. जानेवारीपासून सुरुवात करू नका, ते प्रकरण संथ आहे आणि खिडकीवरच्या बर्फफुलांशी आपलं काही देणंघेणं नाही. आधी ऑगस्ट वाचा, मग माळ्याची प्रार्थना शोधा, मग मातीवरचं प्रकरण. 'आर. यू. आर.' वाचलं नसेल तर निदान त्याचा पहिला अंक त्याच आठवड्यात वाचा.